स्थळाची चौकशी करतात तशी

बसवनगुडी, बेंगळूर
फेब्रुवारी १९९९

ती. सकवारअक्का यांच्या पायांवर डोकं ठेवून, आणि हे पत्र वाचून होईपर्यंत ते तसंच ठेवून, धाकट्या भावजयीचा, कस्तुरीचा, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का, की त्यांनी अजून विडी सोडलेली नाही? होसपेटला आत्तापासूनच ऊन लागत असेल, तेव्हा गच्चीवर पापड घालायला स्वतः जाऊ नका, सुनांना पाठवा. (त्यांना नीट जमत नाहीत हे मला माहीत आहे. मलाही जमत नव्हते. तुम्ही तेव्हाही तसं सांगितलं होतंत.) इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत असते. या खेपेला ते खरं आहे, म्हणून बाकी काही लिहायच्या आधी तेच लिहिते. तुमचे बंधू ठीक आहेत. जेवतात, फिरायला जातात, माझ्यावर ओरडतात, आणि चूळ भरली की पाणी समोर बेसिनमध्येच पडतं. हे शेवटचं तुम्हाला विचित्र वाटेल, पण ज्या दिवशी ते पुन्हा पहिल्यांदा घडलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती.

तुमचं कार्ड मिळालं. आमच्या पोस्टमनला मराठी वाचता येत नाही, तरी बहुतेक तुमचं अक्षर बघूनच तो कार्ड देऊन जरा मागे सरकून उभा राहिला. तुमचा राग बरोबर आहे. पाठच्या भावाला काही झालं आणि ते आपल्याला परक्या माणसाकडून कळलं तर मीही असंच लिहिलं असतं, फक्त एवढं ठळक नाही. आमच्या शेजारच्या वासुदेवची सासुरवाडी होसपेटची निघावी हे माझं नशीब. पुरुषोत्तमाला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, हातपाय गेले आणि बायकोनं मागच्या खोलीत लपवून ठेवलंय, असं त्यानं तुम्हाला सांगितलं. त्यातलं तोंड तेवढं खरं आहे. हातपाय वासुदेवनं पदरचे घातले. कळवलं नाही ते तुमच्या भावानंच मला शपथ घातली म्हणून. अक्काला कळलं तर ती मिळेल त्या गाडीनं येईल, मला बघून रडेल, आणि मग मीही रडेन, आणि माझा एकच डोळा रडेल, ते बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आता सगळं सांगते.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे असते, म्हणजे शेंगांची जत्रा, ते तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही आला होतात त्या वर्षी शेंगा कच्च्या आहेत म्हणून विकणाऱ्याशी भांडला होतात. तो अजून तुमची चौकशी करतो.) तुमचे बंधू पहाटेच स्कूटरवरून गेले, कानाला मफलर न बांधता, आणि पिशवीभर भाजलेल्या शेंगा घेऊन आले. ओसरीवर बसून खायला लागले. मी बघते तर दाणे तोंडात जातायत आणि डाव्या कोपऱ्यातून सावकाश परत अंगावर पडतायत. मला वाटलं मस्करी करतायत. मी म्हटलं, वयाला शोभत नाही. तर ते माझ्याकडे बघून हसले, आणि अक्का, चेहऱ्याचा उजवा भाग तेवढा हसला. डावा होता तिथंच राहिला, जणू त्याला विनोद कळलाच नाही. मी मोठ्यानं ओरडले, आणि म्हणून वासुदेव धावत आला, आणि म्हणून तुम्हाला हे सगळं कळलं.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कपाळावर आठ्या घाला, गाल फुगवा, डोळे मिटा असं करायला लावलं आणि सांगितलं की हे अर्धांग नाही, चेहऱ्याची एक शीर सुजली आहे, या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात. गोळ्या लिहून दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले, दारापर्यंत आम्ही पोचतो न पोचतो तोच मागून आणखी काहीतरी म्हणाले. त्याबद्दल नंतर लिहीन.

आता या दुखण्यात काय होतं ते सांगते. डावा डोळा मिटत नाही. माणूस पापणी लववतो तेव्हा एकटा उजवा डोळा मिटतो आणि उघडतो. म्हणजे काय झालं ते लक्षात आलं का? ज्या माणसानं लग्नाआधी किंवा लग्नानंतर, कधीही मला डोळा मारला नाही, तो माणूस गांधी बझारात फुलवालीपासून ते बँकेतल्या मॅनेजरीणबाईंपर्यंत सगळ्यांना डोळे मारत फिरायला लागला. फुलवालीनं तर मोगऱ्याच्या माळेचा एक हात जास्त मोजून दिला. मी बरोबर होते तरी दिला. त्या दिवसापासून मी त्यांना काळा चष्मा लावला.

हसण्यावारी नेतेय म्हणून रागावू नका, दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. प, फ, ब, भ, म म्हणायला दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात, हे इतकी वर्षं संसार करून मला ठाऊक नव्हतं. त्यांचे ते मिटेनात. फोन आला आणि कोण बोलतंय असं कुणी विचारलं तर त्यांना स्वतःचं नाव सांगता येईना. पुरुषोत्तमातला पहिला प नुसती हवा होऊन निघून जायचा आणि शेवटचा म कुठेतरी गालात राहायचा. मग ते फोनच घेईनासे झाले. खुर्चीत बसून हळू आवाजात एकेक शब्द म्हणून बघायचे, कुठला जमतो, कुठला नाही. असं तपासता तपासता त्यांना माझं नाव सापडलं. कस्तुरी या नावात ओठ मिटायचं कामच नाही. लग्न झाल्यापासून मी 'अगं' होते, फार तर 'निधीची आई'. आता मधूनच, काही काम नसताना, बाहेरून हाक यायची, कस्तुरी. मी हात पुसत जायचे, काय हवं म्हणून विचारायचे, तर म्हणायचे काही नाही, नीट येतं का बघत होतो. मी आत येऊन रडायचे. दोन्ही डोळ्यांनी.

आणि समोर निधीचं लग्न. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नात मंगलाष्टकं कोण म्हणतं हे मी तुम्हाला काय सांगावं, तुम्हीच शिकवलीत त्यांना. लग्न जुळवायचं मी, चौकशी करायची मी, आणि अंतरपाटाशी उभं राहून खणखणीत आवाजात म्हणायचं त्यांनी, अशी आमची इतक्या वर्षांची वाटणी. दुसऱ्यांच्या मुलींची एवढी लग्नं त्यांनी लावली आणि आता पोटच्या पोरीच्या वैशाखातल्या लग्नात त्यांच्या तोंडून 'शुभमंगल' निघेना. त्या शब्दात भ आहे, म आहे. म्हणून बघायचे, पुन्हा म्हणून बघायचे, आणि मग उठून गॅलरीत जायचे. आवाजात काही बिघाड नव्हता हो. फक्त दार लागत नव्हतं.

होणाऱ्या जावयाबद्दल मी तुम्हाला दिवाळीत लिहिलंच होतं. शंतनू पुण्याचा, निधीच्याच कंपनीत तिकडे महादेवपुऱ्याला कामाला, राहतो बनशंकरीत मित्रांबरोबर. हे स्थळ निधीनं स्वतःच आणलं, पण चौकशी मी केली, आणि तोंडी केली, त्याच्या पुण्यातल्या दूधवाल्यापर्यंत जाऊन. मुलगा चांगला. बोलतो मात्र सगळं इंग्रजीत बुडवून. तो रविवारी आला की तुमचे बंधू मफलर आणि काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसत आणि एक शब्द बोलत नसत. त्याला वाटलं सासऱ्यांना लग्न पसंत नाही. त्यानं पुण्याला आईला तसं कळवलंही, आणि तिकडून विहीणबाईंचा फोन आला की आमच्याकडून काही चुकलं का. मी बाजारात होते, म्हणून नाइलाजानं फोन घेतला होता तुमच्या भावानं. त्यांनी तो तसाच खाली ठेवला. अय्यो, त्या दिवशी मला वाटलं, आता लग्नही मोडतं.

तेव्हा निधीनं इंटरनेट काढलं. अक्का, हे नेमकं काय असतं ते मला विचारू नका. घरी तिचा कॉम्प्युटर आहे, त्याला टेलिफोनची वायर जोडली की तो मांजरांच्या भांडणासारखा आवाज करतो आणि मग जगातल्या सगळ्या लोकांनी लिहून ठेवलेलं दिसायला लागतं. (तेवढा वेळ आपला फोन लागत नाही. तुमचा फोन लागला नाही तो त्यामुळे, मी उचलून बाजूला ठेवला म्हणून नव्हे.) त्यात दुखण्याचं नाव लिहिलं की शोधून देणारं एक यंत्र असतं. त्यानं लाखांनी पानं पुढे टाकली. मला आधी आनंद झाला. मग आम्ही वाचायला लागलो. एक म्हणे दात भरल्यामुळे होतं, सगळे दात काढा. एक म्हणे मागच्या जन्मी कुणालातरी वेडावलं असेल. एकानं लोहचुंबकाचा मुखवटा करून ठेवला होता, तो झोपताना घालायचा. आणि एक झकपक पान होतं, त्यात पांढऱ्या कोटातला देखणा सर्जन, त्याचं म्हणणं कानामागचं हाड कोरून शीर मोकळी करा, उशीर कराल तर चेहरा जन्मभर असाच. खाली फोटो होते. ते मी बघायला नको होते.

वासुदेवला चुंबक पटलं, कारण त्याचा मेहुणा तसल्या गाद्या विकतो. तुमच्या भावाला ऑपरेशन पटलं. त्यांनी ते पान छापून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. लग्नाला वेळ आहे, आत्ता कापून घेतलं तर वैशाखापर्यंत तोंड सरळ होईल, असा त्यांचा हिशेब. मुंबईत कोण करतं याची विचारपूसही सुरू केली. मी म्हटलं, अहो, कानामागे सुरी. ते म्हणाले, कस्तुरी, तू यात नको. (हेही त्यांना स्वच्छ म्हणता आलं.) मला काही सुचेना. निधीला विचारलं, इतकी लाखो पानं, यातलं चांगलं कुठलं ते कळतं कसं? ती म्हणाली, आई, जे वर येतं ते चांगलं असणार.

आणि तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. वर येतं ते चांगलं? अक्का, माझ्याकडे स्थळांचा ढीग येतो त्यात सगळ्यात वर कोण असतो? ज्याला कुणी मुलगी देत नाही तो. रंगीत फोटो, जाड कागद, तीन तीन प्रती. आणि जो खरा चांगला मुलगा असतो त्याच्या घरच्यांना पत्रिका पाठवायचीच आठवण नसते. म्हणजे हे सगळं तेच होतं. मी उगाच घाबरले होते. हा तर माझा धंदा.

स्थळाची चौकशी कशी करतात? मुलाच्या घरी जाऊन मुलगा कसा आहे असं विचारत नाहीत, तिथं सोन्यासारखाच असतो. शेजारी विचारतात. शेजारीसुद्धा 'चांगला आहे का' असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात, कशाला वाईटपणा घ्या. विचारायचं असं, की तुमची स्वतःची मुलगी असती तर यालाच दिली असतीत का, की दुसऱ्या कुणाला? मग माणूस मान खाजवतो, आणि खरं बाहेर येतं. आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांनी आपणहून एकाच घराचं नाव घेतलं, की डोळे मिटून पाट मांडायचे.

मी निधीला बसवलं आणि पत्र सांगितलं. ते चुंबकवाल्याला पाठवलं, त्या सर्जनला पाठवलं, आणि अशा दुखण्याची माणसं जिथं एकमेकांशी लिहून बोलतात अशी एक जागा असते, आपल्या देवळाच्या कट्ट्यासारखी, तिथंही लावलं. मुख्य प्रश्न एवढाच, की तुमच्या स्वतःच्या नवऱ्याचं किंवा भावाचं तोंड वाकडं झालं तर तुम्ही कुणाचं पान वाचाल? स्वतःचं सोडून. पण पत्र सांगताना मला सवय लागलेली, त्यामुळे आधीचं सगळं आपोआप आलं: आमच्या घरी लग्न आहे, वेळ थोडा आहे, तरी आपलं गाव कुठलं, वय काय, शिक्षण किती, घरात कोण कोण, व्यसन आहे का, आणि आपल्याबद्दल खात्रीनं सांगणारं ओळखीचं कोण. निधी कंपनीतून दमून आलेली, तिनं मान खाली घालून सगळंच्या सगळं इंग्रजीत करून टाकलं.

उत्तरं आली. चुंबकवाल्यानं लिहिलं, माझंच पान वाचा. दुसरं सांगा म्हटलं तर दुसरंही त्याचंच निघालं, नुसता रंग वेगळा. सर्जनकडून त्याच्या सेक्रेटरीनं ऑपरेशनच्या तारखा कळवल्या. त्या दोघांना मी तिथंच बाद केलं. आणि मग कॅनडाहून गॉर्डन नावाच्या एका माणसाचं भलंमोठं पत्र आलं. ट्रक चालवतो. वय अमुक, उंची इतकी, बायको वारून बरीच वर्षं झाली, मुलं आपापली राहतात, व्यसन म्हणाल तर शनिवारी बिअर, तीही सोडायची तयारी आहे. ओळखीत गावचा पाद्री. असा सरळ विचारणारा निरोप आजवर कुठल्या बाईनं पाठवला नव्हता, मी मनापासून भारावलो आहे, आणि बाई दिसायला कशा आहेत हे कळलं तर बरं. सोबत फोटो. ट्रकला टेकून उभा, कोट घालून, फोटोसाठी केस ओले करून बसवलेले.

निधी ते वाचता वाचता थांबली. माझे तर कान लाल झाले. (तुम्ही हे कुणाला सांगणार नाही असं धरून चालते.) आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. तुमचे बंधू हसत होते. मफलर खाली घसरलेला, चष्मा कपाळावर, उजवा डोळा बंद, डावा सताड उघडा, त्यातून पाणी चाललेलं, तोंड एका बाजूला गेलेलं, आणि हसू थांबत नव्हतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते चेहरा झाकायला विसरले होते. त्याच वेळी शंतनू आला. दारात उभा राहून बघत राहिला. मला वाटलं, झालं, आता हा बाहेरच्या बाहेर जाईल. तर त्यानं चपला काढल्या, त्यांच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, काका, म्हणजे तुम्ही माझ्यावर चिडला नव्हता? आणि तोही हसायला लागला. त्या पोराला माझ्या मनात मी त्याच दिवशी मुलगी देऊन टाकली.

गॉर्डनला निधीनं माफीचं पत्र लिहिलं. माणूस भला, त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. त्यानं कळवलं, माझंही तोंड असंच होतं, बघा की फोटोत आता कसं आहे ते. आम्ही फोटो पुन्हा पाहिला. ट्रकएवढं हसू, दोन्हीकडे सारखं. तुमच्या भावानं तो फोटो मागून घेतला आणि उशीखालचं ते सर्जनचं पान काढून तिथं ठेवला. आणि कुणाचं पान वाचलं असतं, याचं उत्तर गॉर्डननं दिलं, की आयर्लंडमधल्या मॉयराचं. न्यूझीलंडहून मेंढ्यांच्या एका डॉक्टरनं लिहिलं, मॉयराचं. देवळाच्या कट्ट्यावरच्या एका ब्राझीलच्या शिक्षिकेनंही मॉयराचंच. हे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, ते मी वेगवेगळं विचारून घेतलं.

ही मॉयराबाई एका गावातल्या शाळेत लायब्ररी सांभाळायची. तिचं पान बघाल तर काही शोभा नाही. त्या यंत्रात इतकं खाली, की निधीला ते कधी दिसलंच नसतं. तिच्या धाकट्या भावाचं तोंड वाकडं झालं होतं. तेव्हा बाईनं या विषयावर जे जे सापडेल ते सगळं वाचून काढलं आणि एकेकापुढे चार शब्द लिहून ठेवले: हे नीट लिहिलंय, हे वाचा, हा विकायला बसलाय, याचा मला अर्थ लागला नाही, डॉक्टरांना विचारा, याबद्दल मला माहीत नाही. अक्का, 'मला माहीत नाही' असं म्हणणारा माणूस चौकशीत भेटला की मी तो सोडत नाही. तिनं निवडून दिलेली पानं आम्ही वाचली, मोठ्या इस्पितळांतल्या शहाण्या माणसांनी लिहिलेली. सगळ्यांचं सांगणं एकच. घाईनं कापाकापी करू नका, डॉक्टरांच्या गोळ्या घ्या, डोळा जपा, झोपताना पट्टी लावून मिटा, बहुतेकांचं काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत आपोआप सुधारतं. माझा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, ही बाई म्हणजे तिकडची सकवारअक्काच. पाठच्या भावासाठी सगळ्या जगाला धारेवर धरणारी.

मग आम्ही थांबलो. थांबणं हे सगळ्यात कठीण औषध आहे, पण बरोबर कुणीतरी थांबलेलं आहे हे कळलं की जमतं. गॉर्डन अधूनमधून विचारायचा, गाल हलला का. संक्रांतीच्या दुपारी मी एळ्ळू-बेल्ला द्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर ते खुर्चीत मागे टेकलेले आणि दोन्ही डोळे मिटलेले. दोन्ही. माझ्या हातातलं ताट गेलं, तीळगूळ घरभर. मी त्यांना गदागदा हलवलं. ते दचकून उठले आणि म्हणाले, जरा झोपू देशील का नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की डोळा मिटला होता. पट्टी न लावता, त्याचा त्याचा. मी खाली बसले आणि तीळ वेचता वेचता एवढी हसले की शेजारून वासुदेव आला. (त्यानं ते तुम्हाला कसं सांगितलं असेल देव जाणे. मला वेड लागलेलं नाही.) त्यानंतर रोज थोडंथोडं सुधारत गेलं. इतकं हलकं मला माहेरीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही कार्डात रानकबुतराच्या रक्ताचा जो उपाय लिहिला आहे त्याची आता गरज नाही. तरी तो तुम्हाला कुणी सांगितला, आणि त्याच्या स्वतःच्या भावाला त्यानं तो केला होता का, एवढं विचारून ठेवा. निधी सध्या गॅलरीत कबुतरांना दाणे घालते आणि मला तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही.

भावोजींना नमस्कार, सुनांना आशीर्वाद, मुलांना पापा. डोकं आता पायांवरून उचलते, मान अवघडली.

तुमची,
कस्तुरी

ता. क. पहिल्या दिवशी डॉक्टर दारात जे म्हणाले त्याबद्दल नंतर लिहीन असं म्हटलं होतं, ते राहिलं. ते म्हणाले होते, स्वल्प वेट माडी, सरि होगुत्ते. थोडं थांबा, बरं होईल. एवढंच. म्हणजे कॅनडा, आयर्लंड आणि न्यूझीलंड मिळून जे म्हणाले तेच. पण एवढं थोडक्यात आणि उभ्या उभ्या सांगितलेलं खरं कसं मानायचं? शिवाय डॉक्टरांची चौकशी आम्ही केलेली नव्हती.

आणखी एक. 'ठीक आहेत' असं मी वर लिहिलं, ते ठीक आहेतच. पण हसताना डावा कोपरा अजून किंचित मागून येतो आणि मंगलाष्टकं म्हणणार नाही असं त्यांनी ठरवलं आहे. रोज न्हाणीघरात नळ सोडून काहीतरी पुटपुटतात, बाहेर आले की म्हणतात भटजी म्हणतील. व्हिडिओवाला येणार, पुण्याची माणसं येणार, 'शुभमंगल' फुटलं तर काय. डॉक्टरांनी सांगून झालं, शंतनूनं विनवून झालं, गॉर्डननंसुद्धा लिहिलं. मॉयराबाईच्या पानात यावर काही नाही. माझं तर ते ऐकतच नाहीत. म्हणून हे पत्र. खरं म्हणजे त्यासाठीच एवढं सगळं लिहिलं. अक्का, त्यांना चौकशीत एकच माणूस मान्य आहे, आणि ते तुम्ही आहात. या दुखण्यात त्यांना माझ्या नावासारखा दुसरा एक शब्द अगदी स्वच्छ म्हणता येत होता, तो 'अक्का', आणि कितीदा म्हणायचे ते मी मोजलं नाही, कारण मला राग यायचा. तुम्ही एक कार्ड लिहा. दोन ओळींचं, तुमच्या त्या अक्षरात. म्हणायचीच, असं. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, पापडसुद्धा नाही. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.

अक्का, हे पुढचं अक्षर माझं. पत्र पोस्टात टाकायला कस्तुरीनं माझ्याकडे दिलं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं, आणि चिकटलं असतं तरी मी उघडलं असतं. मंगलाष्टकं मीच म्हणणार आहे. नळ सोडतो तो 'शुभमंगल' फुटतं म्हणून नाही, आता फुटत नाही, अख्खं येतं म्हणून. तिला त्या दिवशी अंतरपाटाशीच ऐकवायचं आहे. तरी तू कार्ड लिही. चांगलं दरडावून लिही. माझ्या नावानं आलं तरी आधी तीच वाचेल, आणि इतक्या वर्षांत तिनं तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंय, ते तिला मिळू दे. आणि चार दिवस आधीच ये. मी तोंड झाकून बसणार नाही.

तुझा,
पुरुषोत्तम
(सही करताना पोस्टाच्या पायरीवर उभा राहून एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं नाव आलं.)